परतीची चावी कोणाच्या हातात?

"स्वतःच्या मर्जीनेच गेला होता ना?" आखातात कोणाचा पगार अडकला, कोणाचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला, अशी बातमी आली की आपल्या गप्पांत हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा माणूस वाईट नसतो. त्याला एवढंच म्हणायचं असतं की याला कोणी हात धरून पाठवलं नव्हतं. जास्त पगाराच्या आशेने गेला, तर जोखीमही त्याचीच. सौदी अरेबियात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न सोडून देता येत नाही. आज तो दुसऱ्याबद्दल विचारला जातो, उद्या आपल्याबद्दल विचारला जाईल.

माणसं देश का सोडतात याचं अभ्यासकांनी दिलेलं सोपं उत्तर म्हणजे रेटा आणि ओढ. गावातून बाहेर ढकलणारी कारणं एका बाजूला, परमुलखाकडे खेचणारी दुसऱ्या बाजूला. कोकणाला ही मांडणी चांगली लागू पडते. रत्नागिरी-रायगडच्या डोंगरउतारावरच्या तुकड्यांत पिकणारं भात वर्षभर पुरत नसे. म्हणून पिढ्यान् पिढ्या मुंबईची गिरणी, गोदी, बोटीवरची नोकरी आणि घरी येणारी मनीऑर्डर. १९७३ मध्ये तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले. १९७५ मध्ये जुबैल आणि यानबू ही औद्योगिक शहरं वसवण्यासाठी सौदी सरकारने रॉयल कमिशन स्थापन केलं आणि वेल्डर, पाइपफिटर, सुतार, ड्रायव्हर, कारकून अशा सगळ्यांना मागणी आली. इकडे १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखं उभं राहिलं नाही. चाकरमान्याची जुनी वाट अशी अरुंद होत असताना नवी वाट आधीच पडलेली होती. मंडणगड, खेड, म्हसळा, श्रीवर्धनकडची कितीतरी मुलं मुंबईत उतरली ती तिथे न थांबता विमानतळाकडे गेली.

इथपर्यंत सगळं बरोबर आहे. अडचण येते ती हीच मांडणी आपण माणसांना लावतो तेव्हा. खोबरमधला इंजिनिअर स्वतःबद्दल सांगतो, "चांगली ऑफर आली." त्याच कंपनीच्या कॅम्पातल्या फिटरबद्दल तो म्हणतो, "बिचारा, पोटासाठी आलाय." म्हणजे आपल्याला ओढ आणि त्याला रेटा. खरं तर इंजिनिअरच्या मागेही घराचं कर्ज, थकलेले आईवडील, न मिळालेली बढती असा रेटा असतोच. आणि फिटरलाही नुसती भूक नसते. त्याला जग बघायचं असतं, गावात मान हवा असतो, थोरल्या भावाच्या हुकमाबाहेर जायचं असतं. गंमत पुढेच आहे. याच फिटरचा पगार सहा महिने थकला की आपण भाषा उलटी करतो. जाताना तो मजबूर होता. अडकल्यावर एकदम स्वतःच्या मर्जीचा मालक होतो.

मग तो मर्जीने गेला की नाही? मला वाटतं, निघण्याचा दिवस तपासून याचं उत्तर मिळत नाही. विहिरीतला गाळ काढायला एखादा माणूस ठरलेल्या मजुरीवर, खुशीने खाली उतरला. वरच्यांनी दोर काढून घेतला. आता "तूच उतरलास ना?" या प्रश्नाला काही अर्थ उरतो का? उतरण्याला त्याची संमती होती. दोर काढून घेण्याला नव्हती. जाणं किती मोकळं होतं हे परतीची वाट किती मोकळी होती यावरून कळतं. स्थलांतराचे नियम मांडणाऱ्या रेव्हन्स्टाइनने १८८५ मध्येच लिहिलं होतं की माणसांच्या प्रत्येक प्रवाहासोबत एक उलटा प्रवाहही निर्माण होतो. रेटा-ओढीच्या चर्चेत हा उलटा प्रवाह मागे पडतो. सौदीत तर तोच मुख्य, कारण तिथे कामाला गेलेला जवळजवळ प्रत्येक जण परतायचं ठरवूनच गेलेला असतो. नागरिकत्व मिळेल या आशेने तिथे कोणी जात नाही.

परतीच्या या वाटेला तीन कुलपं असतात आणि त्यांच्या चाव्या तीन वेगळ्या हातांत असतात.

पहिली चावी कफीलाकडे. वर्षानुवर्षं कामगाराला नोकरी बदलायची असो की देश सोडायचा असो, मालकाची संमती लागायची. पासपोर्ट काढून घ्यायला कायद्याने मनाई असूनही तो अनेकदा ऑफिसच्या कपाटात असायचा. १४ मार्च २०२१ पासून खासगी क्षेत्रातल्या कामगारांसाठी ही अट सैल झाली; काही नियम पाळून मालकाच्या परवानगीविना एक्झिट व्हिसा घेता येऊ लागला. पण घरकामगार, घरचे ड्रायव्हर, माळी, शेतमजूर, मेंढपाळ यांना त्या सुधारणेतून वगळलं होतं. म्हणजे जे सर्वांत एकटे, त्यांचंच कुलूप तसंच राहिलं.

दुसरी चावी सावकाराकडे. आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का असतो आणि सौदीला कामाला जायचं तर सरकारी मंजुरी लागते. एजंटाने किती फी घ्यावी यालाही मर्यादा आहे. तरी व्हिसासाठी दागिने गहाण पडतात, व्याजाने पैसे काढले जातात. असा माणूस पहिली दीड-दोन वर्षं फक्त ते फेडत असतो. काम कबूल केल्यापेक्षा वेगळं निघालं, पगार कमी निघाला, तरी तो परत फिरू शकत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात हे सगळ्यांना दिसलं. 'सौदी ओजेर' या बड्या बांधकाम कंपनीने महिनोन् महिने पगार दिले नव्हते. जेद्दाहच्या कॅम्पांत हजारो भारतीय कामगार अडकले होते आणि भारतीय दूतावासाच्या मदतीने त्यांच्यापर्यंत धान्य पोचवावं लागलं. परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंग तिथे गेले, सौदी सरकारने एक्झिट व्हिसाची आणि परतीच्या प्रवासाची सोय केली. तरीही अनेक जण निघायला तयार नव्हते. थकलेला पगार सोडून रिकाम्या हाताने घरी कसं जायचं? तिकीट फुकट होतं, दार उघडं होतं, आणि माणूस कॅम्पातच बसून होता. याला मर्जीने राहणं म्हणायचं का?

तिसरी चावी घरी असते आणि तिच्याबद्दल बोलणं सर्वांत अवघड. आधी घर बांधायचं असतं, मग बहिणीचं लग्न, मग मुलाची फी, मग घराचा वरचा मजला. फोनवर मुलगी प्रेमानेच म्हणते, "बाबा, आणखी दोन वर्षं काढा ना." त्यात रियाल डॉलरला बांधलेला आणि रुपया घसरत जाणारा. १९९० मध्ये एका रियालला पाच रुपयेही मिळत नव्हते, आज बावीसच्या वर मिळतात. दर घसरणीला वाटतं, आता थोडं थांबलं तर बरं. जुलै २०१७ पासून सौदी सरकारने सोबत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबीयामागे महिना १०० रियाल फी लावली; २०२० पर्यंत ती ४०० झाली. बायको आणि दोन मुलं असतील तर महिन्याला १,२०० रियाल. अनेकांनी कुटुंबाला गावी पाठवलं आणि स्वतः मागे राहिले. पहिल्यांदा ज्या कारणाने ते आले होते ते कधीच संपलं होतं. आता रेटा येत होता तो त्यांनीच पैसे पाठवून उभ्या केलेल्या संसारातून.

यावर कोणी म्हणेल, अशाने त्या माणसाला तुम्ही बाहुलं करून टाकता. तो शहाणासुरता आहे, त्याने हिशेब करूनच ठरवलंय. हा आक्षेप मला मान्य आहे. गावात बसून रडण्यापेक्षा निघण्याचं धाडस त्याने केलं आणि त्याचं श्रेय त्याचंच. पण त्याच्या निर्णयाचा मान राखायचा तर तो बदलण्याचा हक्कही मानायला हवा. एकदा "हो" म्हटलेल्या माणसाला पुन्हा कधी "नाही" म्हणता येणार नसेल, तर त्या पहिल्या "हो"चा दाखला त्याच्याविरुद्ध देणं अन्यायाचं आहे.

आणि या चाव्या फक्त परक्यांच्या हातात नाहीत. आखातातल्या कंपन्यांत आपल्यापैकी कितीतरी जण सुपरवायझर आहेत, एचआरमध्ये आहेत, अकाउंट्समध्ये आहेत. कोणाचा सुट्टीचा अर्ज आपल्या टेबलावर पडून असतो, कोणाचा हिशेब पुढच्या महिन्यावर ढकलला जातो. दुसरीकडे, आपणही कोणाच्या तरी पाठवलेल्या पैशांवर शिकलो. घरचा माणूस फोनवर आला की आपण प्रकृती विचारतो, पैसे पोचल्याचं सांगतो. "आत्ता यायचं म्हटलंत तर येता येईल का?" हे मात्र विचारत नाही, कारण "नाही" हे उत्तर आपल्याला ठाऊक असतं, आणि "हो" आलं तर खर्च आपल्याला कमी करावा लागेल. तरी एकदा विचारून बघावं.