मँडरिनचा उपास

मँडरिन मासा घेतला तेव्हा दुकानदार म्हणाला, "काही त्रास नाही हो, साहेब!" त्रास त्याला नव्हताच. निळ्या-केशरी नक्षीचा हा पठ्ठ्या पॅसिफिकच्या प्रवाळातला. दिवसभर खडकावरचे ठिपक्याएवढे जिवंत कोपेपॉड टिपणारा. विकतच्या दाण्यांकडे त्यानं रुसलेल्या व्याह्यानं पंगतीकडे पाहावं तसं पाहिलं. पोट खपाटीला गेलं. शेवटी मी बाटलीत हिरवं शेवाळपाणी करून कोपेपॉडची पैदास मांडली. रोज शेकडो जीव वाढवायचे आणि त्याच्या तोंडी द्यायचे!

चातुर्मास पाळणाऱ्या आमच्या सौ. म्हणाल्या, "एकाला जगवायला इतके मारायचे?"

"अहो, समुद्रातही तो हेच खातो."

"तिथं वाढायला तुम्ही नसता ना!"

बाटली हातात घेऊन मी काचेशी उभा आहे. आत तो खडक चाचपतोय.