श्रद्धेची सनद

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी ओक्लाहोमा राज्यात, ओक्लाहोमा सिटी आणि टल्सा येथील रोमन कॅथॉलिक धर्मप्रांतांनी मिळून सेव्हिलच्या संत इसिडोर यांच्या नावाने एक शाळा काढण्याचे योजिले, आणि जून २०२३ मध्ये तेथील सरकारी मंडळाने तीन विरुद्ध दोन मतांनी तिला सनद मंजूर केली, तेव्हा सार्वजनिक तिजोरीतून चालणारी उघड धार्मिक सनदी शाळा त्या देशात प्रथमच कागदावर अवतरली. ही शाळा इमारतीत नव्हे, संगणकावर भरायची होती; सर्व ज्ञात विद्यांचा कोश रचणाऱ्या या प्राचीन बिशपांना अलीकडे भाविक इंटरनेटचे पालक संत मानतात, तेव्हा नावाची निवड औचित्यपूर्णच म्हणावी लागेल. मला मात्र त्या अर्जातील निःसंकोच वृत्ती अधिक लक्षणीय वाटली. गणित-विज्ञान शिकवू आणि जाता जाता चार प्रार्थना म्हणवून घेऊ, असली पळवाट अर्जदारांनी काढली नाही. चर्चच्या धर्मप्रसाराच्या कार्यात ही शाळा सहभागी होईल, असे त्यांनी स्वच्छ लिहून दिले.

सनदी शाळेची कल्पना मुळात धर्माशी निगडित नव्हतीच. मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये तिचा पहिला कायदा केला आणि पुढच्याच वर्षी सेंट पॉल शहरात पहिली शाळा उघडली. खर्च सरकारचा, फी नाही, कारभार मात्र स्वतंत्र मंडळाच्या हाती. नेहमीच्या सरकारी शाळांवरील कित्येक नियमांतून सूट, आणि तिच्या मोबदल्यात ठरल्या मुदतीत विद्यार्थ्यांची प्रगती दाखवण्याची हमी, न दाखवल्यास सनद रद्द, असा हा करार.

अशा शाळेला धर्म शिकवू द्यावा काय, यावरून जे रण माजले त्यात बहुतेकांनी काळजी वाहिली ती राज्यसंस्थेची. ओक्लाहोमाचे महाधिवक्ता जेंटनर ड्रमंड, जे स्वतः रिपब्लिकन पक्षाचे, त्यांनी आपल्याच राज्याच्या मंडळाविरुद्ध दावा लावला, आणि आज एका पंथाला दिले तर उद्या सगळ्यांनाच द्यावे लागेल, अशी भीती घातली. हा युक्तिवाद मला सर्वांत हलका वाटतो. शेजाऱ्याच्या देवाचे भय दाखवून आपल्या देवाला आवर घालणे यात ना तत्त्वज्ञान आहे ना धर्म. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे: सरकारी हप्त्यावर चालणारा धर्मोपदेश हा धर्मोपदेश राहतो काय?

पण आधी कॅथॉलिकांची बाजू पूर्ण बळानिशी मांडली पाहिजे, कारण ती बळकट आहे. न्यूयॉर्कमध्ये बिशप जॉन ह्यूज यांनी १८४० साली शहराच्या शिक्षणनिधीतला वाटा आपल्या शाळांसाठी मागितला, तेव्हा सार्वजनिक शाळा कोणत्याच पंथाच्या नाहीत, असे उत्तर त्यांना मिळाले. आणि कोणत्याच पंथाच्या नसलेल्या त्या शाळांत वाचले जाई ते प्रॉटेस्टंटांचे बायबल. चार वर्षांनी फिलाडेल्फियात शाळेतील बायबलवाचनाच्या वादातून दंगली पेटल्या, माणसे मेली, कॅथॉलिकांची चर्चे जळाली. बहुसंख्यांचा पंथ बहुसंख्यांना पंथ म्हणून दिसतच नाही, याचे इतके ढळढळीत उदाहरण क्वचित सापडेल. पुढे १८८४ च्या बाल्टिमोर धर्मपरिषदेने प्रत्येक पॅरिशने आपली शाळा काढावी असे फर्मावले, आणि ज्यांना धड मजुरीही मिळत नव्हती अशा आयरिश व इटालियन कुटुंबांनी सरकारचा करही भरला आणि नाममात्र वेतनावर शिकवणाऱ्या नन्सच्या शाळांचा भारही उचलला. हा दुहेरी भुर्दंड अन्याय्य होता, हे मी मान्य करतो. याहून खोल गोष्टही मान्य करतो, की मुलाने काय शिकावे हे ठरवणारी कोणतीही शाळा श्रेयस् कशात आहे याचा निवाडा अगोदरच करून बसलेली असते, मग तिच्या भिंतीवर क्रूस असो वा नकाशा.

मात्र या सगळ्यातून धर्माचे स्वातंत्र्य सिद्ध होते. धर्माचे वेतन सिद्ध होत नाही. या दोहोंमधील अंतर प्रथम ओळखले ते नास्तिकांनी नव्हे, भाविकांनी. व्हर्जिनियात पॅट्रिक हेन्री यांनी ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या निर्वाहासाठी कर बसवण्याचे विधेयक आणले होते. कर कोणत्या पंथाला जावा हे करदात्यानेच सांगायचे, इतकी उदार त्याची रचना होती. जेम्स मॅडिसन यांनी १७८५ मध्ये त्याविरुद्ध निवेदन लिहिले हे सर्वश्रुत आहे. परंतु ज्यांना त्या करातून सरळ लाभ झाला असता त्या बॅप्टिस्टांनीही विरोधाचे अर्ज धाडले, याकडे फारसे कोणी पाहत नाही. परवान्याविना प्रवचन केले म्हणून त्यांचे उपदेशक थोड्याच वर्षांपूर्वी तुरुंगात बसून आले होते. परवाना देणारा हात आणि पगार देणारा हात एकाच देहाचे आहेत, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

हा अनुभव केवळ त्यांचा नाही. पेशव्यांची श्रावणमासातील दक्षिणा कंपनी सरकारने पुढे ज्या कामी वळवली, त्यातून १८२१ मध्ये पुण्यातील विश्रामबागवाड्यात शास्त्राध्ययनासाठी हिंदू कॉलेज निघाले. कोणी त्याचा छळ केला नाही, कोणी शास्त्रीबोवांना हाकलले नाही. परंतु पैसा देणारा या अध्ययनाचा उपयोग काय असे विचारू लागला, हळूहळू जुन्या विद्येच्या काही शाखा गळाल्या, इंग्रजी आली, आणि १८५१ पर्यंत त्या संस्थेचे पूना कॉलेज झाले, जे पुढे डेक्कन कॉलेज म्हणून नावारूपास आले. मी या परिवर्तनाला प्रगती म्हणतो. पण श्रद्धेने वेद जतन करू पाहणाऱ्याने तिला काय म्हटले असते, हे मला कळू शकते. आमच्या संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाने पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षणाला बंदी केली आणि अनुदानित शाळेत ते पालकांच्या संमतीवर ठेवले. मुंबईच्या कित्येक कॅथॉलिक शाळांत घंटा झाली की कॅथॉलिक मुले कॅटेकिझमला जातात आणि बाकीची ‘मॉरल सायन्स’ला बसतात. तडजोड सोयीची आहे; तिच्यात प्रभूचा उपदेश वेळापत्रकातील एक तास झाला आहे, इतकेच.

ओक्लाहोमाच्या दाव्यातही हेच वेगळ्या रूपाने घडले. सरकारी संस्था धर्म प्रस्थापित करू शकत नाही. म्हणून जिंकायचे तर आपण सरकारी नाहीच, सरकारशी करार करणारी खासगी संस्था आहोत, असे शाळेला सांगावे लागले. राज्याचा कायदा तर अशा शाळांना सार्वजनिक म्हणतो. प्रेषितांपासून आपला अधिकार आला असे मानणारे चर्च रस्त्याच्या मक्तेदारासारखे करारनाम्यावर बोट ठेवून उभे राहिलेले पाहून, त्याचा विरोधक नसतानाही, मला वाईट वाटले. आणि समजा त्याने दावा जिंकला असता, तर सनदेच्या नूतनीकरणाच्या वेळी कोणते अधिकारी येऊन काय मोजणार होते? वाचन आणि गणित मोजता येते. उरलेले, ज्यासाठी शाळा काढली, ते दप्तरात कोणत्या रकान्यात भरायचे?

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये करार बेकायदा ठरवला. वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती बॅरेट यांनी स्वतःला या खटल्यापासून दूर ठेवले, उरलेले आठ जण चार विरुद्ध चार असे विभागले गेले, आणि २२ मे २०२५ रोजी कारणमीमांसेवाचून खालचा निकाल कायम झाला. असा निकाल पुढच्या खटल्यांना बांधत नाही. नऊ न्यायाधीशांपुढे हा प्रश्न पुन्हा येऊ शकतो. मात्र शाळा काढण्यास त्या धर्मप्रांतांना मनाई कोणाचीच नाही. मुलांनी सरकारी शाळेतच गेले पाहिजे असा कायदा ओरेगॉनने केला होता, तो १९२५ मध्ये नन्सच्या एका संस्थेच्या दाव्यावरूनच याच न्यायालयाने रद्द ठरवला, आणि तेव्हापासून कोणत्याही पंथाला आपली मुले आपल्या शाळेत, आपल्या खर्चाने घालता येतात.