बुचे ठोकलेल्या बाटल्या

घाटंजीजवळ, वाघाडी नदीच्या खोऱ्यातल्या एका खेड्यात दोन भाऊ राहत होते. गोष्ट जुनी, वऱ्हाड मध्य प्रांतात होते तेव्हाची. त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर बापाने राखलेले मोहाचे झाड होते. फाल्गुन सरला की पहाटे त्याखाली फुलांचा सडा पडे. मोठा अंधारातच टोपली घेऊन जाई आणि सगळी फुले वेचून आणी.

धाकटा म्हणे, "भाऊ, माया हिश्शाचं थोडं बोलाचं होतं."

"गप राय," मोठा म्हणे. धाकटा गप्प बसे, आणि घरात सगळे सुखात आहे असे मोठ्याला वाटे.

त्या चैत्रात मोठ्याच्या मुलीचे लग्न ठरले. व्याह्यांसाठी काही खास करावे म्हणून त्याने मडक्यात मोहफुले भिजवली, पिकल्या टेंभरांचा गर त्यात कालवला. मोहफुलात साखर भरपूर. फुलांवर, फळांच्या सालीवर बसलेले, डोळ्यांना न दिसणारे यीस्ट ती साखर खाते, तिचा मद्यार्क करते आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडते. यीस्टचे हे काम लुई पाश्चरने 1860 च्या सुमारास प्रयोगांनी दाखवले. मडके राखणाऱ्या बायांना मात्र एवढे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, की फसफस ऐकू येते तोवर तोंड आवळायचे नाही. हे ज्ञान मला लहान वाटत नाही.

माय म्हणाली, "अजून बोलून रायलं ते. फडकं टाक अन्‌ राहू दे."

मोठ्याला धीर नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्याने रस गाळला, बाजारातून आणलेल्या बाटल्यांत भरला, बुचे ठोकली, वरून तार आवळली. फसफस ऐकू येईनाशी झाली. पण आत साखर शिल्लक होती, चैत्राचा उन्हाळा होता; यीस्टचे काम जोरात चालू होते. वायूला तेवढी वाट राहिली नव्हती.

लग्नाच्या आदल्या रात्री बाटल्या एकामागून एक फुटल्या. काचा पार आढ्यापर्यंत उडाल्या. जवळ कोणी नव्हते म्हणून निभावले.

काचा वेचता वेचता माय म्हणाली, "आवाज बंद झाला तं तुले वाटलं, सारं निवलं. निवलं नव्हतं बापा, कोंडलं होतं. तुह्या भावाचंही तसंच हाय. त्याले बोलू दे, नाही तं हे घरही असंच फुटन."

मोठ्याने धाकट्याला हाक मारून समोर बसवले. धाकटा खूप वेळ बोलला. काही बोल कडू होते, काही तर अन्यायाचेही. मोठ्याने एकदाही मध्ये तोंड घातले नाही. उजाडायच्या आत ठरले: एक पहाट एकाची, दुसरी दुसऱ्याची. मोहाच्या बियांचे तेल निम्मे निम्मे. आणि हंगामाच्या पहिल्या दिवशीची फुले मायची.