बेगमी कुणासाठी?



मे महिना आला की आपल्या वसईत घरोघरी पावसाळ्याची बेगमी सुरू होते. वर्षाचा मसाला कांडून बाटल्यांत भरला जातो. कैरीच्या फोडी मीठ लावून वाळवल्या की आंबोशी होते. सुके बोंबील डब्यात जातात. काही वाड्यांत पिकलेली राजेळी सोलून, उन्हात वाळवून त्यांची सुकेळी आजही केली जातात. ज्यांच्या वाड्या गेल्या, तेही आता गच्चीवर कुंड्यांतून मेथी, मिरची, टोमॅटो लावू लागले आहेत. २०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद पडले, तेव्हा परसातल्या चार अळूच्या पानांची किंमत आपल्या सर्वांना कळली.

हे सारे चांगलेच आहे. जो स्वतः वाल पेरतो, त्याला ताटातली भाजी टाकवत नाही. पण या निमित्ताने एक प्रश्न विचारायला हवा. आपले घर स्वयंपूर्ण झाले, म्हणजे आपल्याला शेजाऱ्याची गरज उरली नाही, असे समजायचे काय? आणि उद्याची चिंता करू नका, असे प्रभू येशूने शिकवले असताना भरलेल्या बरण्या अविश्वासाची खूण ठरतात काय?

बायबल साठवणीला सरसकट दोष देत नाही. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवला आणि दुष्काळात लोक जगले. लूकच्या शुभवर्तमानातील धनवानानेही कोठारेच बांधायला काढली. पण त्याला मूर्ख म्हटले गेले. धान्य दोघांचेही सारखेच. फरक एवढाच, की धनवानाच्या साऱ्या विचारात त्याच्यावाचून दुसरे माणूसच नाही. मान्न्याची कथाही हेच सांगते. हावेने किंवा भीतीने सकाळपर्यंत ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले. शब्बाथासाठी सहाव्या दिवशी दुप्पट गोळा केलेला मान्ना मात्र टिकला. म्हणजे साठवण कशासाठी, यावर ती टिकणार की किडणार हे ठरते.

ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने स्वयंपूर्णतेचा विचार फार खोलवर केला. त्याच्या मते स्वयंपूर्ण जीवन म्हणजे एकट्याने जगणे नव्हे. आईवडील, मुले, पत्नी, मित्र, गावकरी यांच्यासह जे जीवन पुरे पडते, ते स्वयंपूर्ण. संत थॉमस अक्वायनस यांनी पुढे जाऊन शिकवले, की आपल्या गरजेहून जे अधिक असते, त्यावर निसर्गनियमानेच गरिबाचा हक्क असतो. म्हणजे बरणीतला वरचा थर हा आपण केलेला उपकार नसून शेजाऱ्याचे देणे आहे.

वसईत या विचाराची खरी परीक्षा होते ती पाण्यापाशी. परसातली भाजी, केळी, अळू सारे विहिरीवर उभे आहे. ‘विहीर माझी, पंप माझा, पाणी माझे’ असे आपण सहज म्हणतो. पण जमिनीखालच्या पाण्याला कुंपण कळत नाही. एकाने टँकर भरभरून पाणी विकले की शेजाऱ्याच्या विहिरीची पातळी खाली जाते. आपण समुद्राकाठी राहतो. गोडे पाणी बेसुमार उपसले की त्याची जागा खारे पाणी घेते. मग ना शेजाऱ्याचे वेल जगत, ना आपले. पूर्वजांनी वाडीत बावखळे राखली. पावसाचे पाणी त्यांत साचे, मुरे आणि विहिरींना मिळे. एकाने राखलेल्या बावखळाचा लाभ अनेकांच्या रहाटाला होत असे. तीच बावखळे भराव घालून बुजवायची आणि घरात मात्र सेंद्रिय भाजीचे कौतुक करायचे, ही स्वयंपूर्णता नव्हे.

कुणी म्हणेल, ‘आम्ही घाम गाळला, पैसा घातला, त्याचे फळ आम्ही का घेऊ नये?’ जरूर घ्यावे. श्रमाचे फळ श्रमणाऱ्याचे आहेच, आणि मुलाबाळांची तरतूद करणे हे कर्तव्य आहे. पण ऊन, पाऊस आणि भूजल आपल्या श्रमातून आलेले नाही. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीला सर्वांचे सामायिक घर म्हटले, ते याच अर्थाने.

म्हणून यंदा बेगमी करताना तीन गोष्टी करू या. लोणच्याची पहिली छोटी बाटली भरू, ती एकट्या राहणाऱ्या एखाद्या वृद्धासाठी किंवा आपल्या गल्लीतील भाडेकरू कुटुंबासाठी. ज्यांच्या वाडीत बावखळ आहे, त्यांनी पावसाआधी त्यातला गाळ काढावा. तरुणांनी हात द्यावा. आणि पाणी विकण्याचा विचार मनात येईल, तेव्हा शेजारच्या विहिरीत एकदा डोकावून पाहावे.

लोणचे टिकावे म्हणून आपण बरणीत ओला चमचा जाऊ देत नाही. शेजाऱ्याला विसरणारा स्वार्थही असाच आहे. तो एकदा आत शिरला की भरलेले घर आतून नासते. आपली घरे भरलेली असोत आणि त्यांची दारे उघडी असोत, हीच प्रभूचरणी प्रार्थना.

— आपले धर्मगुरू