खर्ज आणि शेजार

गायनवृंदात बेस गिटार वाजवणारा तरुण सहसा मागच्या बाजूस उभा असतो. त्याच्याकडे कोणाचे फारसे लक्ष नसते. मात्र तो थांबला की गाण्याखालची जमीन सरकल्यासारखी वाटते. लिओ फेंडर यांनी १९५१ साली हे विजेवरचे वाद्य बाजारात आणले. उभ्या लाकडी डबल बेसचा खर्ज इतर वाद्यांच्या गलबल्यात बुडून जात असे, हे त्यामागचे एक कारण होते. ऐकू येण्याची धडपड अशी या वाद्याच्या जन्मातच आहे. त्याची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते आणि इतक्या खालच्या स्वरांबाबत मानवी कान मंद असतो. म्हणून पिकअपमधून निघालेला क्षीण संकेत प्रीॲम्पने उचलून घ्यावा लागतो. १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरे गिटारच्या पोटातच ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प होता. पायाने दाबायचे बूस्ट पेडल हे त्याच गरजेचे पुढचे पाऊल.

या उचलण्यात काही अप्रामाणिकपणा आहे काय? काही ज्येष्ठ मंडळींना तसे वाटते. आम्हांस वाटत नाही. कानाची उणीव भरून काढणे म्हणजे असत्य नव्हे. चष्म्याला कोणी लबाडी म्हणत नाही. शिवाय बूस्ट पक्षपात करीत नाही. बोटाचा चुकार आघात, केबलची घरघर, सारे काही तो सारख्याच पटीने मोठे करतो. प्रमाणाबाहेर वाढवल्यास पुढच्या टप्प्याला तो भार सोसत नाही, ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि आवाज वाढण्याऐवजी फाटतो. (हे फाटलेपण काहींना मुद्दाम हवे असते. ती रुचीची गोष्ट झाली, नीतीची नव्हे.)

नीतीचा प्रश्न उभा राहतो तो भिंतीपलीकडे. ठाणे-डोंबिवलीच्या वस्तीत एकाची भिंत ती दुसऱ्याचीही भिंत असते. उंच स्वर ती बरेचसे अडवते, खर्ज मात्र पलीकडे पोचतो. शेजारच्या आजारी वृद्धेच्या वाट्याला गाणे येत नाही, नुसती धडधड येते.

कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या नियमांच्या कठोर अंमलबजावणीचे आदेश दिले. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अनिवार्य भाग नाही, असेही सांगितले. त्या ‘कोणत्याही’मध्ये आमचा धर्मही येतो, याची आठवण सणाच्या समित्यांनी ठेवलेली बरी.

परंतु येथे एक मेख आहे. ही मर्यादा ज्या मापाने मोजतात, ते माप मानवी कानाच्या घडणीवर बेतलेले आहे. ४० हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी ते सुमारे ३५ डेसिबलने कमी धरते. म्हणजे कानाच्या ज्या मंदपणामुळे वादकाला बूस्ट न्याय्य ठरतो, त्याच मंदपणामुळे मापकही त्याच्या खर्जाकडे डोळेझाक करतो. खिडकीची तावदाने थरथरत असताना काटा मर्यादेच्या आत असू शकतो. वादक कायद्याने निर्दोष. शेजारी रात्रभर जागा.

मानवी कायदा सर्वच दुर्गुणांना मनाई करीत नाही, असे संत थॉमस अक्विनास यांनी फार पूर्वी मांडले आहे. जे बहुजनांना टाळता येईल आणि ज्याने इतरांना अपाय होतो, अशा गंभीर गोष्टींनाच तो प्रामुख्याने हात घालतो. उरलेला प्रदेश सद्सद्विवेकाचा. तो मोकळा पडला म्हणून निर्दोष ठरत नाही. ‘मीटरवर तर ठीक आहे’ हे उत्तर म्हणूनच आम्हांस अपुरे वाटते. मीटरने ऐकले असेल. पलीकडच्या माणसाने काय सोसले ते त्यालाच विचारावे लागते.

वादकाला ते कळण्याचा अन्य मार्गही नाही, कारण तो स्वतः नेहमी भिंतीच्या अलीकडे असतो. तेव्हा पेडलवर पाय ठेवण्यापूर्वी ड्रम व कीबोर्डवाल्यांना आवाज उतरवायला सांगावे. बहुतेक वेळा बूस्टची गरज तेथेच संपते. ॲम्प्लिफायर थेट फरशीवर न ठेवता जाड फोमवर ठेवावा. कित्येक प्रीॲम्पवर अगदी खालचा खर्ज कापणारे बटण असते, ते वापरावे. आणि सरावाच्या एखाद्या संध्याकाळी गिटार सोबत्याच्या हाती देऊन शेजारची कडी वाजवावी, परवानगी घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात पाच मिनिटे बसावे आणि भिंतीला हात लावून पाहावा.