पाहुण्यांच्या चहाची कृती

नदीचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये, हे मला अशा माणसांनी शिकवले, जी मी पोहोचण्यापूर्वीच मरून गेली होती. फ्लॅटवुड्स हे वेस्ट व्हर्जिनियातले एक लहानसे गाव; तिथल्या चर्चचे मदतकेंद्र झालेले, रस्त्यावर गंजलेल्या मोटारी, आणि गावाच्या कडेने नदी मात्र काहीच घडले नसावे तशी वाहते आहे. मी गढूळ पाणी भरून घेतले, लाकूडफाटा गोळा केला, चुलीवर ते उकळले आणि प्यायलो. तेवढ्या वेळात माणसाची सावलीसुद्धा दिसली नाही. होते ते फक्त ध्वनिफितींतले आवाज: शांत, समजुतीने बोलणारे, येणाऱ्याला धीर देणारे. याच गावात डेलबर्ट विंटर्स नावाच्या स्वयंसेवकाच्या पाककृती सापडतात, आणि त्यांत एक कृती खास पाहुण्यांसाठी करायच्या चहाची आहे. जग संपल्यानंतर, अन्न पुरवून पुरवून खाण्याच्या दिवसांत, कुणीतरी पाहुण्यांच्या चहाची आठवण ठेवली होती. त्या चुलीपाशी मी बराच वेळ थांबलो.

हे गाव ज्यात आहे तो ‘फॉलआउट ७६’ हा बेथेस्डाचा ऑनलाइन खेळ नोव्हेंबर २०१८ मध्ये आला. त्याच्या कल्पित इतिहासात २३ ऑक्टोबर २०७७ या दिवशी अणुयुद्ध होऊन जग होरपळते आणि पंचवीस वर्षांनी, २१०२ मध्ये, डोंगराच्या पोटातल्या आश्रयस्थानाचे अवजड दार उघडून आपण अपालाचियाच्या पानगळीच्या रंगांनी भरलेल्या दऱ्यांत पाऊल टाकतो. भूक, तहान, आजार आणि पाठीवरचे ओझे यांचा हिशेब ठेवत जगायचे, आणि उद्ध्वस्त प्रदेश पुन्हा वसवायचा, अशी ही कामगिरी. त्याच सृष्टीत आपल्याबरोबर खरीखुरी माणसे, जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून आलेली, वावरत असतात. पण आरंभीच्या दीड वर्षात कथेतले एकही जिवंत मनुष्यपात्र तिथे नव्हते. टीकाकारांनी याला रितेपणा म्हटले, आणि कथेत शिरून संवाद करण्याच्या ओढीने येणाऱ्याला ते जग रिते वाटणे अगदी स्वाभाविक होते. मला मात्र आजही वाटते की या खेळाचे सर्वात खोल सामर्थ्य त्याच रितेपणात होते.

महाभारताच्या वनपर्वातला मार्कंडेय आठवून पाहा. प्रलयाच्या एकार्णवात तो एकटाच भटकतो आहे, थकला आहे, आणि वटवृक्षाच्या फांदीवर त्याला एक बालक दिसते, ज्याच्या उदरात नद्या, नगरे, माणसे, सगळी हरवलेली सृष्टी जशीच्या तशी नांदते आहे. अपालाचियातली प्रत्येक ध्वनिफीत मला त्या बालकाच्या मुखासारखी वाटली. बाहेर राख आणि शांतता. आणि आत शिरावे तो कुणाची भीती, कुणाचे अर्धवट राहिलेले भांडण, कुणी मुलीसाठी ठेवलेला निरोप. बोलणारा आपल्याला ओळखत नाही, आपण त्याला उत्तर देऊ शकत नाही, आणि तरीही ऐकणाऱ्याच्या माथी एक जबाबदारी येऊन पडते. वाचनाचा अनुभव तरी याहून फार वेगळा कुठे असतो? जे लिहून गेले ते आपल्या प्रश्नांसाठी थांबलेले नसतात, पण आपण त्यांच्यापाशी थांबतो.

त्या आवाजांतून हळूहळू जी कथा जुळत जाते, तिने मला सर्वाधिक अस्वस्थ केले. युद्धातून वाचलेली माणसे पुढे एका साथीने मेली. साथीवरची लस पोलीस, अग्निशामक आणि वैद्यकसेवकांमधून उभ्या राहिलेल्या रिस्पॉन्डर्स या मदतगटाकडे जवळजवळ तयार होती. धोक्याची आगाऊ सूचना देणारी यंत्रणा फ्री स्टेट्स या दुसऱ्या गटाकडे होती. लढण्याचे बळ आणि शस्त्रे ब्रदरहुड या तिसऱ्या गटाकडे होती. तिघांना एकमेकांचा भरवसा नव्हता, म्हणून तिघेही संपले. त्याआधी २०८२ च्या नाताळात लुटारूंच्या एका म्होरक्याने, आपली प्रिय स्त्री मारली गेली या समजुतीने, समर्सव्हिलचे धरण उडवून चार्ल्स्टन शहर बुडवले होते. त्या चिखलाने भरलेल्या रस्त्यांवरून चालताना १२ जुलै १९६१ च्या पानशेत धरणफुटीबद्दल लहानपणी ऐकलेले सगळे माझ्या मनात आले: भिंतींवर राहिलेली पुराची रेघ, आणि ती दाखवताना मोठ्या माणसांचा खाली येणारा आवाज. सुडाने फुटलेले धरण आणि हलगर्जीने फुटलेले धरण यांत न्यायाच्या दृष्टीने अंतर आहे. खालच्या वस्तीला ते अंतर कळायला वेळ मिळत नाही.

इथपर्यंत हा खेळ मोठा आहे. तो उणा पडतो तो याच्या पुढे. शांतिपर्वात आपद्धर्म सांगताना भीष्म विश्वामित्राची गोष्ट सांगतात: बारा वर्षांचा दुष्काळ, आणि ऋषी चांडाळाच्या घरातून कुत्र्याचे मांस चोरायला निघाला आहे. त्या गोष्टीत भूक हा प्रश्न आहे. माणूस तिच्यापुढे किती वाकेल आणि वाकल्यावर कोण राहील, हा वाद त्या दोघांत रंगतो. ‘फॉलआउट ७६’ मध्ये भूक ही पडद्याच्या कोपऱ्यातली एक कमी होत जाणारी रेघ आहे. ती मोजता येते आणि दोन घासांत भरूनही निघते. तिच्यापोटी आपल्याला कुणाशी बेइमानी करावी लागत नाही. तगून राहणे हा ज्या खेळाचा विषय, त्यात तगून राहण्याची नैतिक किंमत इतकी अल्प असावी, याची मला हळहळ वाटते.

आणि त्याहून मोठी उणीव काळाची. इथे खेळाडू स्वतः अणुबॉम्ब टाकू शकतात. संकेतांक जुळवायचे, भूमिगत तळात शिरायचे, नकाशावर वर्तुळ ठेवायचे. मग आकाश तांबूस होते, झाडे विद्रूप होतात, आणि त्या विषारी पट्ट्यात दुर्मीळ वनस्पती व खनिजे मिळतात म्हणून लोक धावत येतात. काही तासांत सगळे पूर्ववत. ज्या अस्त्राने हे जग मेले तेच अस्त्र पिकासारखे पेरायचे आणि कापायचे, ही कल्पना माझ्या मनाला कधीच पटली नाही. २०१९ चे नवे वर्ष उजाडताच एका तांत्रिक दोषाने तिन्ही क्षेपणास्त्रतळ बंद पडले होते. तो दोष लवकरच दुरुस्त झाला, पण मधल्या अवधीत अपालाचियात कुणालाच काही उद्ध्वस्त करता येत नव्हते. मला तो अवधी त्या जगाचा सर्वात अर्थपूर्ण काळ वाटतो. जे जग कायमचे बिघडू शकत नाही ते कायमचे सुधारूही शकत नाही, आणि पुनर्वसनाचे जे वचन देऊन दार उघडले होते ते इथेच अडते. मी टेकडीवर बांधलेले घर मी खेळात असेन तोवरच उभे असते. मी निघालो की ते नाहीसे होते, आणि त्या जागी दुसऱ्या कुणाचे घर उभे राहू शकते. अश्वत्थाम्याच्या अस्त्राने उत्तरेचा गर्भ दग्ध झाला, म्हणून परीक्षिताच्या जिवंत होण्याला अर्थ आहे. राखेची स्मृती नसेल तर पालवीचे कौतुक कशाला?

वस्तूंकडे पाहायला मात्र या खेळाने मला नव्याने शिकवले. टेबलावरचा मोडका पंखा दिसला की हात पुढे होतो, कारण त्यात स्क्रू असतात. टंकलेखन यंत्रातही असतात. आरंभी तर सोन्याला कुणी विचारत नसे आणि चिकटपट्टीसाठी जीव टाकावा लागे. ‘कधीतरी लागेल’ म्हणून माझी आजी दोऱ्याची रिकामी रिळे आणि झाकण हरवलेले डबे जपायची, त्यामागची टंचाईची आठवण मला इथे उमगली. पण साठवणीच्या पेटीला आरंभी चारशे पौंडांची मर्यादा होती; ती पुढे वाढत बाराशेपर्यंत गेली, आणि ऑक्टोबर २०१९ पासून वर्गणी भरणाऱ्यांना भंगार साठवायला अमर्याद पेटी मिळू लागली. टंचाई हा ज्या कलाकृतीचा प्राण, तिने टंचाईतून सुटका विकायला काढावी, हे मला निर्मात्यांनी स्वतःच्याच निर्मितीशी केलेले अप्रामाणिक वर्तन वाटते. मर्यादेची ती पेटी खरी होती. काय टाकायचे हे ठरवताना मी कोण आहे, ते मला थोडे कळत असे.

आणि तरीही मी तिथे परत जातो, ते माणसांमुळे. अगदी पहिल्या दिवसांत, हाती गंजका सुरा आणि अंगात ताप असताना, पूर्ण चिलखतातला एक अनोळखी खेळाडू माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तो मला क्षणात मारू शकला असता. त्याने पायाशी कागदाची एक पिशवी ठेवली, हात हलवला आणि निघून गेला. पिशवीत शुद्ध पाण्याच्या बाटल्या आणि औषधे होती. तो कोणत्या देशातला, कोणत्या भाषेचा, स्त्री की पुरुष, मला ठाऊक नाही. पुढे कळले की ही तिथली रीतच पडली आहे; जुने खेळाडू नवागतांसाठी काहीबाही मागे ठेवून जातात. रचनाकारांनी एकमेकांना मारण्याची मुभा दिली होती, आणि बहुतेकांनी ती वापरलीच नाही. बोलायला पात्रे नव्हती, म्हणून कदाचित माणसांनी माणसांकडे पाहिले असेल.

एप्रिल २०२० मध्ये ‘वेस्टलँडर्स’ या विस्ताराने कथेतली जिवंत माणसे अपालाचियात परतली. संवाद आले, निवडी आल्या, वस्त्या गजबजल्या, आणि खेळ अधिक भरला यात शंका नाही. माझी तक्रार नाही. उजाड मुलखात माणसे परतावीत हीच तर त्या सगळ्या ध्वनिफितींची इच्छा होती. फक्त आता ते जुने आवाज ऐकायला थोडे आडवाटेला जावे लागते.

परवा रात्री मी पुन्हा फ्लॅटवुड्सला गेलो. नदीवरून पाणी आणले, उकळले, आणि डेलबर्टच्या कृतीने चहा केला. पलीकडून नुकताच आश्रयस्थानातून बाहेर पडलेला कुणीतरी निळ्या पोशाखात रस्ता चुकत चुकत येत होता. मी चहा कागदी पिशवीत घालून चर्चच्या पायरीशी ठेवला आणि जरा बाजूला सरकून उभा राहिलो.