जाणत्या हातांचं काम

रत्नागिरीत घरी बाळ जन्माला आलं, की बाळ-बाळंतिणीला तेल लावणाऱ्या बाईंची आधी चौकशी होते. पण बारावी झालेली लेक ‘मी मालिश शिकते’ म्हणाली, की तेच घर गप्प होतं. हे काम हलकं कसं? आयुर्वेदाचार्य वाग्भटांनी ‘अष्टांगहृदया’त रोजचा अभ्यंग, म्हणजे तेलाचा मसाज, सांगितला, डोकं, कान आणि पायांना विशेष. अजीर्ण झालेल्याला मात्र तेल लावू नये, हेही बजावलं. म्हणजे हातात ताकद हवी, तशी कुठे थांबायचं याची जाणही हवी. जपानमध्ये कित्येक दृष्टिहीनांनी शतकानुशतकं याच विद्येवर संसार चालवले. आपल्या मुलांना ही वाट आवडली, तर त्यांना रीतसर शिकू द्या. आणि तेल लावणाऱ्या बाईंशी पैशांवरून घासाघीस करू नका.